सर्फर्स पॅरडाइज : नकाशावरची एक सफर

भूगोलाच्या तासासाठी प्रत्येकाने एका सागरकिनाऱ्याच्या सहलीचा आराखडा करायचा होता. मी ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्टचा सर्फर्स पॅरडाइज निवडला. (मूळ नाव एल्स्टन, १९३३ साली बदलले. नावातही केवढी जाहिरात!) तिकडे उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी. ब्रिस्बेनपर्यंत विमान, पुढे दक्षिणेस सुमारे ८० किलोमीटर. हे झाले सोपे.

खरा अभ्यास लाटांचा. पॅसिफिकच्या लाटा वाळूच्या दांड्यावर फुटतात, पाणी किनाऱ्याशी साठते आणि दांड्यातील खोल घळीतून वेगाने समुद्राकडे परतते. घळीवर लाटा फारशा फुटत नाहीत, म्हणून नेमके तेथेच पाणी शांत दिसते! पोहायचे ते लाल-पिवळ्या निशाणांच्या मध्येच, जीवरक्षकांच्या नजरेखाली. ओढीत सापडल्यास तिच्याशी झुंजू नये. तरंगत राहावे, हात उंचावून मदत मागावी, जमल्यास किनाऱ्याला समांतर पोहावे.

माझा चुलतभाऊ आमच्या गावच्या किनाऱ्यावर अशाच शांत पाण्यात उतरला होता. त्याला पोहता उत्तम येत असे. ओढीचे हे कारण मात्र आमच्यापैकी कोणासच ठाऊक नव्हते.

आईला वाचता येत नाही, म्हणून आराखडा मीच तिला वाचून दाखवला. तिने एवढेच विचारले, "आपल्याकडं ती निशाणं कधी लावतील रे?"