हमिंग गेलं, पण कशानं?



परवा तुझ्या आईनं फोनवर कौतुकानं सांगितलं, की ग्वेल्फच्या त्या तळघरातल्या खोलीत बसून तू ॲम्प्लिफायर केलास. आवाज छान आहे म्हणे. आधी नुसतं घूं घूं करत होता, मग कुणा मित्रानं प्लगची तिसरी पिन तोडून टाकायला सांगितली आणि हमिंग एकदम गेलं. ती हसत होती. मामाला त्यापुढचं काही ऐकूच आलं नाही.

खरं आहे का हे? तुझ्या आईला पिन आणि सॉकेट यांतला फरक कळत नाही, तेव्हा निरोपात घोळ झाला असेल तर उत्तमच. पण खरं असेल, तर आधी उठ, तो प्लग भिंतीतून काढ आणि मग पुढचं वाच.

ती तिसरी पिन म्हणजे अर्थ, आणि अर्थ तोडला की हमिंग जातं, यात नवल नाही. लॅपटॉपला एक अर्थ, ॲम्प्लिफायरला दुसरा, मधे ऑडिओची वायर. झाला लूप, आणि 60 हर्ट्झ त्यात फिरायला लागले. लूप कुठेही तोडला तरी आवाज थांबतो. तू मात्र तो नेमका जीव वाचवणाऱ्या जागी तोडलास. उद्या ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीचं इन्सुलेशन गेलं, किंवा एखादी वायर सुटून डब्याला टेकली, तर अर्थ असताना भसकन करंट जातो, फ्यूज उडतो, विषय संपतो. अर्थ नसेल तर फ्यूजला पत्ताच लागत नाही. डबा 120 व्होल्टवर बसून राहतो आणि गाणंही चालू राहतं. मग कुणीतरी नॉबला हात लावतो. 120 म्हणजे आपल्या 230 च्या जेमतेम निम्मे, असला हिशोब करू नकोस. ओल्या हाताला तेवढे पुरतात.

दुसरी एक शंका आहे आणि ती जास्त टोचते. सुट्टीत इथे यायचास तेव्हा तुला वायरी ओळखायला शिकवलं कुणी? मामानंच. लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. आपल्या जुन्या वायरिंगमध्ये तसंच असतं. कॅनडात काळी वायर फेज आणि पांढरी न्यूट्रल! मामाचा पाठ केलेला धडा तिथे नेमका उलटा. मग स्विच आणि फ्यूज तू कुठल्या वायरीत टाकलेस? पांढरीत टाकले असतील, तर स्विच बंद केला तरी आत फेज हजर आहे. आजच उघडून बघ, आणि आत हात घालण्याआधी कपॅसिटर रेझिस्टर लावून रिकामे कर.

हमिंगनं भल्याभल्यांना छळलंय. तुझ्याच प्रांतातलं उदाहरण घे. टोरंटोच्या एडवर्ड रॉजर्सनं 1925 मध्ये बॅटऱ्यांशिवाय, थेट घरच्या विजेवर चालणारा रेडिओ बाजारात आणला, तेव्हा तो पंचविशीत होता. तोवर फिलामेंट एसीवर तापवली की भाषणापेक्षा घरघरच जास्त ऐकू यायची. त्यात दक्षिण ऑन्टारियोत नायगाऱ्याची वीज 25 हर्ट्झची. ती 60 वर नेण्याचं काम 1949 मध्ये सुरू झालं आणि सुमारे दहा वर्षं चाललं. रॉजर्सनं अमेरिकेतल्या मॅककला याच्या एसी व्हॉल्वचे हक्क घेतले, तो व्हॉल्व सुधारला आणि घरघर मुळाशीच आवरली. दोन वर्षांनी सीएफआरबी हे रेडिओ स्टेशन काढलं, त्यातलं ‘आरबी’ म्हणजे ‘रॉजर्स बॅटरीलेस’. आणि आमचे चिरंजीव पकड घेऊन पिन तोडतात!

बरं, रागावून झालं. आता काय करायचं ते ऐक.

नवी तीन पिनांची कॉर्ड घे. तिची हिरवी वायर डब्याच्या पत्र्याला, रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून, तिच्या एकटीच्या बोल्टवर कस. त्या बोल्टवर दुसरं काही नको. इनपुटचे सॉकेट प्लास्टिकच्या वॉशरनं पत्र्यापासून वेगळे ठेव. सर्किटचा ग्राउंड डब्याला थेट न जोडता मधे 10 ओहमचा रेझिस्टर घाल आणि त्याला समांतर 35 अँपिअरचा ब्रिज रेक्टिफायर. लूपमधला बारीक करंट रेझिस्टर अडवतो. खरा फॉल्ट आला तर ब्रिज त्याला अर्थकडे वाट देतो. हमिंगही जाईल, अर्थही राहील. तरी उरलंच, तर इनपुटच्या वायरी ट्रान्सफॉर्मरपासून लांब ने.

एलएम3886 घेतलास हे मात्र बेस्ट केलंस. प्लस-मायनस 28 व्होल्टवर 4 ओहमला 68 वॉटपर्यंत देणारी ती आयसी एवढीशी दिसते, पण तिथपर्यंत पिळलीस तर 40 वॉट उष्णता हीटसिंकमध्ये ओतते. साध्या ‘टी’ पॅकेजची धातूची पाठ मायनस सप्लायला जोडलेली असते, हे विसरू नकोस. खाली मायका, दोन्ही बाजूंना हीटसिंक पेस्टचा पातळ हात, स्क्रूला प्लास्टिकची बुशिंग. मग मीटरनं आयसीची पाठ आणि हीटसिंक यांत कंटिन्युइटी नाही ना, ते बघायचं. आणि पहिल्यांदा चालू करताना सीरिजमध्ये बल्ब. तिथे 2014 पासून साध्या फिलामेंटच्या बल्बवर बंधनं आलीत, तेव्हा हॅलोजन शोध. एलईडी या कामाचा नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, भगभगीत राहिला तर आत शॉर्ट आहे. तुमच्याकडे स्वयंपाकघराच्या सिंकजवळ बटणवालं सॉकेट असतं ना, पाचेक मिलीअँपिअर गळती झाली की ट्रिप होणारं? पहिली चाचणी तिथेच घे.

मामा एवढा का तडकला, ते तुझ्या आईला विचार. गणपतीतली ती रात्र तिला आठवत असेल. त्या दिवसांत मामाची सगळी कमाई तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत जायची. 2एन3055 ट्रान्झिस्टरची जोडी आणली की आठवडाभर उड्या. मंडळाचा ॲम्प्लिफायर मामाचाच. विसर्जनाच्या आदल्या रात्री त्याच डब्यानं मामाला असा झटका दिला, की आजीनं दुसऱ्या दिवशी सोल्डरिंग आयर्नसकट सगळं गोणपाटात बांधून माळ्यावर टाकलं. बँकेची परीक्षा तोंडावर होती. मामानं मान डोलावली, नोकरी लागली, गोणपाट तिथेच राहिलं. पुढे आजी स्वतः म्हणाली होती, काढ रे ते खाली, पण तेव्हा मामाला वेळ नव्हता. आता वेळ आहे तर रेझिस्टरवरचे रंग दिसत नाहीत.

म्हणून तुला कुणी थांब म्हणणार नाही. हात तुझा चांगला आहे, लहानपणापासून दिसतंय. ग्वेल्फमध्येच हॅमंडची कंपनी आहे, 1917 पासूनची, ट्रान्सफॉर्मर आणि पत्र्याचे डबे करणारी. फ्रेड हॅमंडनं जमवलेल्या जुन्या रेडिओंचं संग्रहालयही गावातच आहे. आधी विचारून एकदा जाऊन ये. आत बसवलेला माल बघितला की वायरी बांधायची नजर येते.

काटकसर डब्यात कर. व्हॅल्यू व्हिलेजच्या जुन्या सामानाच्या दुकानातून मेलेला डीव्हीडी प्लेअर आण, हीटसिंक जुन्या कॉम्प्युटरचा काढ. कॉर्ड, फ्यूज होल्डर आणि ट्रान्सफॉर्मर मात्र नवीन आणि सीएसएचा सुरक्षेचा शिक्का असलेले. त्यांचे पैसे मामा पाठवतोय, आईला बोलू नकोस, ती परत करायला लावेल. उरतील त्यातून जाड मोजे घे. थंडीत गालिच्यावर पाय घासत आलास तर आयसीला हात लावण्याआधी डब्याच्या पत्र्याला हात लाव, कोरड्या हवेतल्या एका ठिणगीनं ती जाते. जेवतोस ना वेळेवर? सोल्डरिंगच्या धुरात उपाशी बसू नकोस.

पिन लागली की रात्री नऊला फोन कर, इथे तेव्हा सकाळचे साडेसात असतात आणि मामा उठलेला असतो. काय लावायचं ते तूच ठरव. भीमसेन लावणार असशील तर आधी सांग, मामीही ऐकायला बसेल. तुमचं ते नवीन काही असेल तर मामा एकटा ऐकेल, पण पूर्ण ऐकेल.

तुझा,
मामा