परसातील साचलेले पाणी

महाराष्ट्रातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडतो. बंगालच्या उपसागराच्या काठी वसलेल्या चेन्नईची, म्हणजे पूर्वीच्या मद्रासची, गोष्ट निराळी आहे. तेथे वर्षाकाठी सुमारे १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातील निम्म्याहून अधिक ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. शहर सपाट असून समुद्रसपाटीपासून फार उंच नाही. त्यामुळे मोठ्या पावसानंतर अनेक घरांच्या परसात पाणी तुंबून राहते.

हे पाणी किती असते? १०० चौरस मीटर छपरावर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर ५,००० लिटर पाणी खाली येते. ते जाते कोठे, हाच निचऱ्याचा मुख्य प्रश्न होय.

पाणी साचण्याची कारणे

पहिले कारण जमिनीच्या पातळीचे. चेन्नईत रस्त्यांवर वर्षानुवर्षे डांबराचे थर चढत गेल्याने कित्येक जुन्या घरांची आवारे रस्त्याहून सखल झाली आहेत. अशा आवारातील पाणी बाहेर जात नाही. उलट रस्त्यावरील पाणी आत येते.

दुसरे कारण मातीचे. किनाऱ्यालगत बेझंटनगर, तिरुवान्मियूर या भागांत वाळू आहे. तेथे पाणी लवकर मुरते. शहराच्या इतर अनेक भागांत चिकणमाती आहे. तिचे कण इतके सूक्ष्म असतात की त्यांमधील फटींतून पाणी अतिशय सावकाश झिरपते.

तिसरे कारण भूजलाचे. पावसाळ्याच्या अखेरीस भूजलाची पातळी वर येते. जमीन तुडुंब भरली म्हणजे वाळूतही पाणी मुरत नाही.

परीक्षा

कारण ओळखण्यास एक सोपा प्रयोग पुरतो. पाऊस उघडल्यावर परसात ३० सेंटिमीटर खोल खड्डा खणावा. तो पाण्याने भरून रिकामा होऊ द्यावा व पुन्हा भरावा. त्यात उभी पट्टी धरून तासाभरात पाणी किती उतरते ते पाहावे. दोन-तीन सेंटिमीटर किंवा अधिक उतरले, तर माती चांगली असून दोष उताराचा आहे. जेमतेम काही मिलिमीटर उतरले, तर माती चिकण आहे. खणतानाच खड्ड्यात खालून पाणी आले, तर भूजल वर आलेले आहे असे समजावे.

उपाय

उताराचा दोष असल्यास भिंतीपासून दूर, दर मीटरला सुमारे दोन सेंटिमीटर उतार द्यावा. चिकणमातीत शोषखड्डा तिच्या थराखालील वाळूपर्यंत न्यावा लागतो. तो उथळ ठेवल्यास त्याचेच डबके होते. खड्ड्यात विटांचे तुकडे व गोटे भरून वर जाड वाळू घालावी. त्यात केवळ पावसाचे पाणी सोडावे. मोरीचे किंवा संडासाचे कधीही सोडू नये, कारण ते विहिरीच्या पाण्यात मिसळते. भूजल वर असल्यास शोषखड्डा निरुपयोगी असतो. तेथे उथळ चर काढून पाणी पावसाच्या गटारात न्यावे.

साचलेल्या घाण पाण्यात क्युलेक्स डास वाढतात. टाकलेले टायर, डबे व करवंट्यांतील स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा एडीस डास वाढतो. चेन्नईत हिवतापाचा डास उघड्या विहिरींत व गच्चीवरील टाक्यांतही आढळतो. उष्ण हवेत अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून भांडी आठवड्यातून एकदा उपडी करावी आणि विहिरी व टाक्या झाकाव्यात.

मात्र पाणी घालवून देणे हा एकमेव हेतू नसावा. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईत महापूर आला आणि जून २०१९ मध्ये शहराला पाणी पुरवणारे मुख्य तलाव जवळजवळ कोरडे पडले. किनाऱ्याच्या वाळूत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते; पाऊस मुरला नाही, तर विहिरी खाऱ्या होण्याचा धोका असतो. याच विचाराने तामिळनाडूत २००३ साली सर्व इमारतींना पाऊसपाणी साठवण्याची किंवा मुरवण्याची सोय सक्तीची करण्यात आली.

विद्यार्थ्यांसाठी

शाळेच्या आवारात तीन ठिकाणी वरील प्रयोग करा. प्रत्येक ठिकाणी पाणी साचण्याचे कारण कोणते व त्यास कोणता उपाय योग्य, ते वहीत लिहा.