मृगापूर्वीची परसबाग

मृगाची पहिली सर येऊन गेली कीं घरोघरीं बियाण्यांच्या पुड्या सुटतात. कोणी भेंडी टोंचतो, कोणी अंगणाच्या कडेला दोडका पुरतो. आणि पंधरा दिवसांनीं पाहावें तों निम्मीं रोपें पिवळीं पडलेलीं व उरलेलीं पाण्यांत उभीं! मग सर्व दोष बियाण्याच्या माथीं येतो. वास्तविक परसबागेचें यशापयश बहुतांशीं बीं मातींत पडण्यापूर्वींच ठरून गेलेलें असतें. तें ठरविण्याचा काळ म्हणजे मे महिना. आणि तेव्हां विद्यार्थ्यांस सुटीहि असते. पावसाच्या झडींत बाजारची भाजी महाग होते व घरांतील मुलांच्या पानांत ती कमी पडूं लागते. अशा वेळीं दहा फूट रुंद व बारा फूट लांब एवढ्या तुकड्याचा संसाराला केवढा आधार होतो, हें पालकांस सांगावयास नको.

जागा निवडतांना निदान सहा तास ऊन मिळेल असें पाहावें. आपल्याकडे फुलझाडांना दर्शनी उजेडाची जागा आणि भाजीला मोरीमागची सावली, असा विचित्र न्याय आढळतो. त्या सावलींत अळू आनंदानें वाढेल, पण वांगीं-टोमॅटो धरणार नाहींत.

आपल्या देशावरची काळी माती बेसाल्ट खडकाच्या झिजेनें झालेली असून तिचे कण अतिशय सूक्ष्म असतात. ओली झाली कीं ती फुगते, वाळली कीं भेगाळते. ती पाणी चांगलें धरून ठेवते, हा उन्हाळ्यांतील गुण पावसाळ्यांत दोष ठरतो. कारण मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, आणि पाणी तुंबलें कीं हवेला जागा उरत नाहीं. वर सांगितलेलीं पिवळीं रोपें उपाशी नसतात, तीं गुदमरलेलीं असतात. आपल्या जमिनीची परीक्षा मुलांनीं स्वतः करावी. एक फूट खोल खड्डा खणून पाण्यानें भरावा. हें पहिलें पाणी कोरडी माती व भेगा पिऊन टाकतात, म्हणून तें जिरल्यावर खड्डा पुन्हा भरावा आणि तासाभरानें काठीनें मोजावें. पाणी इंचभरहि उतरलें नसेल तर निचरा अपुरा समजावा.

यावर उपाय म्हणजे उंच वाफे. दहा फुटांच्या रुंदींत चार-चार फुटांचे दोन वाफे व मधें दोन फुटांची पाऊलवाट बसते. वाटेवरची माती खणून दोन्ही वाफ्यांवर चढविली कीं वाफे सहा ते नऊ इंच उंच होतात, आणि तीच वाट पाण्याचा पाट बनते. वाफा चार फुटांहून रुंद नको. दोन्ही बाजूंनीं हात मध्यापर्यंत पोंचला पाहिजे, म्हणजे वाफ्यांत पाय ठेवण्याचा प्रसंग येत नाहीं.

खणणी मेच्या आरंभींच करावी. नऊ इंचांपर्यंत खणून ढेंकळें तशींच उन्हांत तापूं द्यावीं; फोडण्याची घाई करूं नये. हुमणीच्या अळ्या व इतर किडींचे कोष वर येतात आणि साळुंक्या त्यांचा समाचार घेतात. हराळीच्या काड्या व लव्हाळ्याच्या गांठी मात्र हातानें वेंचाव्या. कुदळीनें हराळीचे दहा तुकडे केले तर दहा हराळ्या उगवतात!

खताविषयीं थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे. शेणखत पूर्ण कुजलेलें असावें. तें काळसर, भुसभुशीत व दुर्गंधरहित असतें. ताजें शेण घातल्यास हुमणी व वाळवी यांना आमंत्रण मिळतें. न कुजलेला पालापाचोळाहि मातींत मिसळूं नये, कारण तो कुजविणारे सूक्ष्म जीव मातींतला नत्र स्वतःच खातात आणि रोपाला कांहीं उरत नाहीं. इंदूर येथें १९२४ ते १९३१ या काळांत आल्बर्ट हॉवर्ड यांनीं काडीकचरा, शेण, गोमूत्रानें भिजलेली माती व राख यांचे थर रचून, ते ओलसर ठेवून व वरचेवर चाळवून, सुमारें तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची रीत बसविली. १९३१ सालीं त्यांनीं व यशवंत वाड यांनीं मिळून तिजवर ग्रंथहि लिहिला. तीन महिने लागतात, म्हणजे मेअखेर हवें असलेलें खत फेब्रुवारींतच रचावयास हवें. ज्यांनीं रचलें नसेल त्यांनीं यंदा कुजलेलें खत विकत घ्यावें. वरील दोन वाफ्यांस मिळून सुमारें २० किलो पुरे होतें.

रोपांचें गणित असेंच उलटें मांडावें. लावणी २५ जूनच्या सुमारास धरली, तर मिरचीच्या रोपाला चाळीस-पंचेचाळीस दिवस लागतात, म्हणून तिचें बीं १० ते १५ मेच्या दरम्यान टाकावें. वांग्याचें २० मेच्या आगेमागें. टोमॅटोला चार आठवडे पुरतात, तेव्हां त्याचें मेच्या शेवटच्या आठवड्यांत. जुनें बियाणें असल्यास वीस दाणे ओल्या फडक्यांत गुंडाळून ठेवावे. सोळांना मोड आले तर शेंकडा ऐंशी उगवण समजावी; दहांनाच आले तर दाट पेरावें किंवा नवें आणावें.

आतां पाऊस पडल्यावर काय करावयाचें? कांहीं नाहीं, थांबावयाचें. ओल्या काळ्या मातींत कुदळ घातली कीं तिचे चिखलगोळे होतात व वाळल्यावर दगडासारखे कठीण बनतात. शेतकरी ज्याला वापसा म्हणतो ती स्थिति येऊं द्यावी. मूठभर माती घेऊन आवळावी. गोळा व्हावा, पण बोटानें टोंचतांच फुटावा, हाताला चिकटूं नये. त्या दिवशीं भेंडी, गवार, दोडका टोंचावा. राजगिऱ्याचें बारीक बीं वाळूंत मिसळून ओळींत पेरावें.

वापशाची वाट पाहतांना हात रिकामे राहत असतील तर शेवग्याची मनगटाएवढी जाड, चार फूट लांब फांदी आणून कुंपणाच्या कडेला, पाणी तुंबणार नाहीं अशा उंचवट्यावर, दीड फूट खोल रोवावी. तिला खणणी नको, वाफा नको. पाला फुटूं लागला कीं गाईबकऱ्यांपासून तेवढी राखावी.