संगणकाची स्मृती : नवी घ्यावी की थांबावे?



केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणास मंजुरी दिली. आपल्याकडे या संस्थांना आपण सेवा सोसायटी म्हणतो. तेव्हापासून संगणक हा विषय गटसचिवांच्या टेबलावर आला. मुलांच्या शिक्षणासाठी किंवा सेवा केंद्र चालविण्यासाठीही बऱ्याच घरांत तो आला आहे. मग दुकानदार सांगतो, "आता डीडीआर-५ आलं, जुनं घेऊ नका." खरेच घ्यावे काय?

आधी ही वस्तू काय ते पाहू. संगणकातील डिस्क म्हणजे कारखान्याचे आवार. माल तिथे साठून राहतो. रॅम म्हणजे गव्हाण. गिरणीला जे लागते ते गव्हाणीतूनच जाते. गव्हाण अरुंद असली की गिरणी कितीही दमदार असो, ती रिकामी फिरते आणि बाहेर गाड्यांची रांग लागते. वीज गेली की मात्र ही गव्हाण साफ रिकामी होते, म्हणून काम अधूनमधून जतन करायचे असते.

डीडीआर-४ पट्ट्या २०१४ पासून बाजारात आहेत. डीडीआर-५ चे मानक जुलै २०२० मध्ये ठरले आणि २०२१ च्या अखेरीस ती घरगुती संगणकांत आली. ती वेगवान आहे आणि वीज थोडी कमी घेते. पण मुख्य गोष्ट ही, की दोन्ही पट्ट्यांची खाच वेगळ्या जागी असते. जुन्या मदरबोर्डात नवी पट्टी बसतच नाही. म्हणजे "नवी रॅम घ्यावी का" या प्रश्नात मदरबोर्ड आणि प्रोसेसरचाही खर्च आला. दुकानात हे आधी कुणी सांगत नाही.

उसाचे पाहा ना. फुले २६५ आला म्हणून कुणी को ८६०३२ चा चांगला उभा खोडवा नांगरून टाकला नाही. बेणे बदलायचे ते नव्या लागणीच्या वेळी. इथेही तेच धोरण धरावे असे माझे मत आहे. सातबारा, पीक पाहणी, सोसायटीचे हिशेब, पत्रव्यवहार एवढ्या कामात डीडीआर-४ आणि डीडीआर-५ यांतला फरक डोळ्यांना दिसणार नाही. ४ जीबी आणि ८ जीबी यांतला फरक मात्र पहिल्याच दिवशी दिसेल.

म्हणून अगोदर मोजा. रोजचे काम चालू ठेवून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'परफॉर्मन्स' आणि मग 'मेमरी' पाहा. वापर शंभरात ऐंशी-नव्वदच्या वर टिकून असेल तर रॅम कमी पडते आहे. किती खाचा भरल्या आहेत तेही तिथेच लिहिलेले असते. एखादी रिकामी असेल तर त्याच जातीची पट्टी वाढवावी, बस्स. वापर पन्नासच्या आसपास असूनही यंत्र रडत असेल, तर दोष बहुधा जुन्या फिरत्या डिस्कचा. ती काढून एसएसडी बसवली की तेच यंत्र पळू लागते.

डीडीआर-३ चे यंत्र असेल तर त्यावर पैसा घालू नये. विंडोज १० ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली, आणि तसली बहुतेक यंत्रे विंडोज ११ च्या अटीत बसत नाहीत.

आता थांबण्याविषयी. जुनी वस्तू दिवसेंदिवस स्वस्त होते हा आपला अनुभव २०२५ मध्ये खोटा ठरला. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या जगातील बहुतेक स्मृती तयार करतात. त्यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठ्या केंद्रांसाठी लागणाऱ्या मालाकडे उत्पादन वळवले. डीडीआर-४ चे उत्पादनही आखडते घेतले गेले, आणि जुन्या-नव्या दोन्ही पट्ट्यांचे भाव चढले. सोयाबीन घरात ठेवून भावाची वाट पाहिलेल्या कास्तकाराला वाट पाहण्याचा हिशेब मी काय सांगावा! काम अडले नसेल तर खुशाल थांबा. अडले असेल तर भाव उतरण्याच्या भरवशावर हंगाम घालवू नका.

वारणेचे उदाहरण इथे उपयोगी आहे. वारणानगर परिसरातील सत्तर गावांसाठी १९९८ मध्ये संगणक जोडणीचा मोठा प्रकल्प सुरू झाला. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या अभ्यासकांनी पुढे पाहिले, तर त्या संगणकांवर मुख्यतः उसाच्याच नोंदी चालत होत्या. सात गावांत त्यांनी संगणकाऐवजी साध्या मोबाईलवरून एसएमएसने तेच काम करून पाहिले, आणि ते चालले, तेही कमी खर्चात. हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला.

नवे यंत्रच घेणे असेल तर डीडीआर-५ चेच घ्यावे, कारण पुढची वाढ त्यातच होणार. ८ जीबीची एक पट्टी आणि दुसरी खाच रिकामी, असे कोटेशनमध्ये लिहूनच घ्यावे. एका पट्टीने वेग थोडा कमी मिळतो, पण आजच्या भावात ते परवडते. लॅपटॉप घेताना विशेष सावध! काहींत स्मृती डाख देऊन पक्की बसवलेली असते, ती पुढे वाढवता येत नाही. तिथे सुरुवातीलाच १६ जीबी घ्यावी. वाशीमला घ्या की अकोल्याला, बिलावर पट्टीची जात, क्षमता आणि हमीची मुदत लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.