अनेक पेशींचा एक ठेका : अपस्मार आणि मेंदूचे गणित

कामठा व परिसरातील गावांतून उपचारार्थ येणाऱ्या अपस्माराच्या, म्हणजेच मिरगीच्या, रुग्णांचे कुटुंबीय एक प्रश्न हमखास विचारतात : एरवी धडधाकट असलेला मुलगा एका क्षणात असा कसा कोसळतो? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधताना वैद्यकशास्त्राने गणिताचेही साहाय्य घेतले आहे. त्या गणिताची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

मानवी मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. प्रत्येक पेशी इतर पेशींकडून आलेले संकेत साठवीत जाते. साठा ठरावीक पातळीस पोहोचला की एक विद्युत्-स्पंद सोडते आणि पुन्हा रिती होते. धारेखाली ठेवलेले, भरताच उलटणारे भांडे डोळ्यांपुढे आणावे. या कल्पनेचे मूळ फ्रेंच शास्त्रज्ञ लुई लापिक यांच्या १९०७ च्या लेखनात आहे. पुढे १९५२ मध्ये हॉजकिन व हक्सले यांनी माकूळ या सागरी जीवाच्या जाड चेतातंतूवर प्रयोग करून, सोडियम आत व पोटॅशियम बाहेर कसे जाते याची समीकरणेच मांडली.

परंतु एका पेशीचे गणित सुटले म्हणजे मेंदू उलगडला असे नव्हे. भजनात प्रत्येक टाळकरी शेजाऱ्याचा ठेका ऐकून आपला ठेका सांभाळतो. असे अनेक ठेके एकमेकांशी जोडले तर काय घडेल, याचे गणित जपानचे कुरामोतो यांनी १९७५ मध्ये मांडले. जोडणी हळूहळू घट्ट करीत गेल्यास प्रथम काहीच घडत नाही. मात्र एक मर्यादा ओलांडताच समूहाचा एक भाग अकस्मात एका तालात येऊ लागतो. कारण लहान, परिणाम मोठा. नातेवाइकांच्या प्रश्नातील 'एका क्षणात' या शब्दांचे मर्म बहुधा येथेच आहे.

एकताल मुळात वाईट नाही. गाढ झोपेतही मेंदूत संथ लहरी उठतात. प्रश्न आवर घालण्याचा आहे, आणि ते काम रोधक पेशी करतात. पुढे पुण्याच्या 'आयसर' संस्थेत रुजू झालेले कॉलिन्स असिसी व त्यांचे सहकारी यांनी २०११ मध्ये टोळाच्या गंधसंवेदनेच्या संदर्भात अशा पेशींच्या जाळ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याची युक्ती नकाशा रंगविण्याची आहे. गोंदिया व भंडारा शेजारी, म्हणून त्यांना निराळे रंग. गोंदिया व नागपूर यांची सीमा लागत नाही, म्हणून त्यांना एकच रंग चालतो. तसेच परस्परांना रोखणाऱ्या पेशींना निराळे रंग दिले असता, एका रंगाच्या पेशी एकत्र स्पंदतात व निरनिराळे रंग आळीपाळीने, असे दिसून आले. म्हणजे रोध केवळ गप्प बसवीत नाही, तो पाळी लावून देतो.

हा आवर दुर्बल झाला वा उत्तेजन वाढले, की मर्यादा ओलांडली जाण्याचा संभव वाढतो. अर्थात सगळ्या पेशी एकसाथ पेटतात हे चित्र फार ढोबळ आहे. २०११ मध्ये रुग्णांच्या मेंदूतील एकेका पेशीची नोंद घेतली असता, झटक्याच्या आरंभी त्या निरनिराळ्या वागताना आढळल्या.

औषधेही याच दोन ठिकाणी काम करतात. फेनिटॉइन व कार्बामाझेपिन सोडियमच्या वाटेवर अंकुश ठेवतात. फिनोबार्बिटोन व क्लोबाझाम रोध बळकट करतात. सहा महिने झटका आला नाही म्हणून गोळ्या बंद करणारी कुटुंबे आम्हांस वारंवार भेटतात. झटका न येणे म्हणजे बहुधा गोळीने मेंदूला मर्यादेच्या अलीकडे धरून ठेवणे होय. गोळी एकाएकी सोडल्यास तो आधार एकाएकी सुटतो व झटके थांबेनासे होऊ शकतात. साधारणतः किमान दोन वर्षे झटक्याविना गेल्यावर डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने उतरविण्याचा विचार करतात.

कांदा वा चप्पल हुंगविल्याने यातील कोणतीच राशी बदलत नाही. झटका बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो, आणि श्रेय चपलेस मिळते. रुग्णास कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटे उलटूनही झटका थांबला नाही, तर विनाविलंब रुग्णालयात आणावे.