वस्ती, दप्तर आणि सम्यक आजीविका

विद्यार्थ्यांनी करमणुकीपलीकडे जाऊन पाहावा, असा ‘डोप’ हा २०१५ सालचा अमेरिकन विनोदी चित्रपट आहे. लेखक-दिग्दर्शक रिक फामुयिवा लॉस एंजेलिसजवळच्या इंगलवूडमध्ये वाढले. कथाही तिथलीच आहे.

नायक माल्कम हा कृष्णवर्णीय विद्यार्थी. बस चालवणारी आई त्याला एकटीने वाढवते. गुंडगिरीच्या वस्तीत राहून तो उत्तम गुण मिळवतो आणि हार्वर्ड विद्यापीठात जाऊ इच्छितो. शाळेतील सल्लागार त्याला सुनावतात, की इंगलवूडच्या शाळेतील गुणांना तिथे मोल नाही. प्रवेशाच्या निबंधात स्वतःविषयी लिही. पण आपल्या गरिबीची ठरीव करुण कहाणी माल्कमला मांडायची नसते. त्याने लिहिलेला असतो एका रॅप गाण्यातला ‘चांगला दिवस’ नेमका कोणता, यावरचा शोधनिबंध! आपल्याला हसू येते. पण त्यामागे स्वाभिमान आहे.

पुढे एका मेजवानीत गोंधळ उडतो आणि एक गुंड माल्कमच्या दप्तरात अमली पदार्थ व पिस्तूल लपवतो. त्यातून सुटता सुटता माल्कम तो माल विकू लागतो. अखेरच्या निबंधात तो दोन विद्यार्थी रंगवतो, एक अभ्यासू आणि एक गुन्ह्यात अडकलेला. दोघेही तोच असतो. तुम्ही मला कोण समजता, हा त्याचा सवाल आहे.

वस्तीच्या नावावरून माणसाची किंमत करण्याची रीत आपल्याला नवी नाही. अस्पृश्य आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीय यांच्या स्थितीतील साम्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली विचारवंत डू बॉइस यांना लिहिलेल्या पत्रात नमूद केले होते. म्हणून माल्कमचा सवाल आपलाही आहे.

मात्र एका ठिकाणी आम्ही चित्रपटाशी सहमत नाही. भगवान बुद्धांनी उपासकाला शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष हे पाच व्यापार वर्ज्य सांगितले. दप्तरात माल दुसऱ्याने ठेवला, पण तो विकला माल्कमच्या हातांनी. तो माल ज्यांच्या घरी पोचला, त्यांचे काय झाले, हे चित्रपट फारसे विचारत नाही. परिस्थितीने माणूस कोंडीत सापडतो, हे खरे. म्हणून त्याच्याकडे करुणेने पाहावे. पण करुणा म्हणजे कर्माचा हिशेब माफ करणे नव्हे. वस्ती आपण निवडलेली नसते, आजीविका मात्र निवडावी लागते.

अभ्यासवर्गात चर्चेसाठी दोन प्रश्न :
१. माल्कमच्या जागी आपण असतो, तर मदतीसाठी कोणाकडे गेलो असतो?
२. आपल्या वस्तीतील मुलाला असा विश्वासाचा माणूस मिळावा, म्हणून आपण काय करतो?