डिस्क नाही, ड्रायव्हर हरवलाय!

डोंबिवलीचा आमचा एक मित्र नवी एसएसडी परत करायला ठाण्याला निघाला होता. "मेलेली डिस्क दिलीय राव!" सोमवारी प्रोजेक्टचं सबमिशन, त्यामुळे चेहरा पडलेला. झालं असं होतं: लॅपटॉपवर डेबियन. जुनी साटा डिस्क नव्या एनव्हीएमई एसएसडीवर क्लोन केली, जुनी काढली आणि मशीन चालू केलं. ग्रबचा मेनू आला, पण पुढे रूट सापडेना, थेट इनिटरॅमएफएसचा प्रॉम्प्ट!

आता विचार करा. मेनू आला कुठून? नव्या डिस्कवरूनच! म्हणजे डिस्क जिवंत आहे. ग्रब डिस्क वाचतो तो फर्मवेअरच्या मदतीने. कर्नलने ताबा घेतला की त्याला स्वतःचा ड्रायव्हर लागतो. एनव्हीएमईचा ड्रायव्हर २०१२ च्या ३.३ आवृत्तीपासून कर्नलमध्ये आहे, पण डेबियनमध्ये तो मॉड्यूल म्हणून येतो. मॉड्यूलची फाइल रूटवर, आणि रूट वाचायला मॉड्यूल हवं. म्हणजे कपाटाची किल्ली कपाटातच! म्हणूनच गरजेची मॉड्यूल्स इनिटरॅमएफएसमध्ये भरून ती रॅममध्ये आधी उघडतात.

मग इथे काय बिनसलं? इन्स्टॉल करताना मित्राने एक्स्पर्ट मोडमध्ये "फक्त या मशीनला लागणारे ड्रायव्हर" हा पर्याय निवडला होता. तेव्हा मशीनमध्ये साटा डिस्क होती, एनव्हीएमई नव्हतीच! प्रॉम्प्टवर लोड झालेली मॉड्यूल्स पाहिली, तर यादीत एनव्हीएमई नाही. चोर सापडला.

उपाय सोपा आहे. जुनी डिस्क परत लावून त्यावरून बूट करा. ‘एलएसपीसीआय -के’ने कंट्रोलर आणि त्याचा ड्रायव्हर दिसतो का बघा, ‘एलएसबीएलके’मध्ये डिस्क दिसते का बघा. मग ड्रायव्हर-पॉलिसीच्या फाइलमध्ये ‘डेप’च्या जागी ‘मोस्ट’ लिहा, ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल’ चालवा आणि पुन्हा क्लोन करा. क्लोननंतर दोन्ही डिस्कचा यूयूआयडी सारखाच असतो, म्हणून पहिल्या बूटला जुनी डिस्क काढायला विसरू नका. आणि हो, डेटाचा बॅकअप आधी!

एक लक्षात ठेवा. डिस्क दिसत नसेल तर क्रमाने विचारा: फर्मवेअरला दिसते का? पीसीआयच्या यादीत आहे का? ड्रायव्हर लागलाय का? तो बूटच्या वेळी मिळतो का? पहिल्याच प्रश्नाला "नाही" आलं, तर स्लॉट आणि स्क्रू तपासा, मग दुकान गाठा.

मित्राची ठाण्याची फेरी वाचली. सबमिशन वेळेत झालं, आणि त्या रात्री वडापाव त्याच्याकडून!